निझाम गेला, निझाम सर्किट राहिलं

सिनेमाच्या धंद्यात परभणी अजून महाराष्ट्रात आलेली नाही. हसू नका, खरं सांगतोय. हिंदी सिनेमा वाटपासाठी देशाचे जे भाग पाडले जातात त्यांना सर्किट म्हणतात. मुंबई सर्किट, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, सीपी बेरार, म्हैसूर, निझाम. सीपी बेरार म्हणजे आपला विदर्भ आणि त्याच्या शेजारचा मुलूख. निझाम म्हणजे तेलंगण, कर्नाटकातले काही जिल्हे आणि आपला मराठवाडा. १९४८ला निझामाचं राज्य गेलं, १९५६ला हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली, १९६०ला आपण महाराष्ट्र झालो. पण सिनेमाच्या पेट्यांचा नकाशा काही बदलला नाही. जिंतूरला, सेलूला कुठला हिंदी सिनेमा लागणार याचा व्यवहार निझामाच्या नावानंच होत राहिला.

हे सांगायचं कारण असं. दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी येते की अमुक मराठी सिनेमाला थिएटर मिळत नाही. मग टीव्हीवर चर्चा होते, एका बाजूला मुंबईचा निर्माता, दुसऱ्या बाजूला मुंबईचा मल्टिप्लेक्सवाला, मधे मुंबईचा पुढारी. मंत्री म्हणतात धोरण आणू. या सगळ्यात पाथरी, मानवत, गंगाखेड, पालम, सोनपेठ, पूर्णा कुठंच नसतात. जणू इकडं कुणी सिनेमा बघतच नाही. म्हणून म्हटलं, सिनेमाचं धोरण या देशात कसकसं घडलं आणि त्यात आपलं काय झालं, हे एकदा नीट लिहावं. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण बाहेरच्याला ठसक्यात ऐकवतो. सिनेमाच्या बाबतीत जर्मनीशी आपला संबंध खरंच आला, पण गिऱ्हाईक म्हणून. १९३३ साली प्रभातच्या 'सैरंध्री'ला रंग चढवायचा म्हणून व्ही. शांताराम फिल्म घेऊन थेट जर्मनीला गेले. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. बॉम्बे टॉकीजचे सुरुवातीचे बरेच सिनेमे फ्रान्झ ऑस्टेन या जर्मन माणसाने दिग्दर्शित केले, आणि १९३९ला युद्ध पेटल्यावर इंग्रजांनी त्याला शत्रू देशाचा नागरिक म्हणून ताब्यात घेतलं. आणखी पुढे, स्वातंत्र्यानंतर, डॉलर वाचवायचे म्हणून पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म रुपयाच्या व्यवहारात यायला लागली. आपण तंबूत बसून बघितलेले कितीतरी काळे-पांढरे सिनेमे त्या फिल्मवरचे असणार. सिनेमा हा धंदा पहिल्या दिवसापासून जगाच्या बाजाराला बांधलेला आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ला लंडनला जाऊन कॅमेरा आणला, १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, १९१४ला आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडन गाठलं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नाशिकच्या त्या माणसाची पैशाची गणितं कोलमडली. गोळी फ्रान्समध्ये सुटली, लागली नाशिकला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९२७.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे सिनेमे जगभर पसरले. इंग्लंडमधल्या थिएटरांतही अमेरिकीच सिनेमे. इंग्रजांना ते झोंबलं. त्यांनी १९२७ला कायदा करून आपल्या देशात देशी सिनेमासाठी कोटा ठरवला. म्हणजे थिएटरवाल्याने ठरावीक प्रमाणात ब्रिटिश सिनेमा दाखवलाच पाहिजे. मग डोळा हिंदुस्थानकडे वळला. इथंही पडद्यावर दहातले आठ सिनेमे परदेशी, त्यातले बहुतेक अमेरिकेचे. सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अध्यक्ष धरून तीन हिंदी सदस्य, तीन इंग्रज. वरवर काम सेन्सॉरचं बघायचं, पण आतली गोष्ट अशी की साम्राज्यातल्या, म्हणजे मुख्यतः ब्रिटनच्या सिनेमाला हिंदुस्थानात झुकतं माप देता येईल का ते पाहायचं.

समितीने देशभर फिरून ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. फाळक्यांनीही साक्ष दिली. आणि १९२८च्या अहवालात या रंगाचारियारांनी सरकारची पंचाईत करून टाकली. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा होता, की अमेरिकेच्या सिनेमाने इथल्या लोकांवर वाईट परिणाम होतो असं म्हणता, तर मग इंग्लंडच्या सिनेमाने तो कसा होणार नाही? संरक्षण द्यायचंच तर ते हिंदी सिनेमाला द्या. निर्मात्याला पैशाची मदत करा, या धंद्याकडे सरकारने लक्ष देणारी व्यवस्था उभी करा. इंग्रज सदस्यांनी काही सूचनांवर आपलं वेगळं मत नोंदवलं. सरकारने अहवाल घेतला आणि ठेवून दिला.

कुणाच्या पडद्यावर कुणाचा सिनेमा, आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न या देशात पहिल्यांदा एवढ्या नीटपणे त्या अहवालात मांडला गेला. पुढची शंभर वर्षं आपण त्याच प्रश्नाभोवती फिरतोय. फक्त अमेरिकेच्या जागी कधी हिंदी येतं, कधी दक्षिण.

पण थांबा. हा सगळा इंग्रज मुलखाचा इतिहास झाला. परभणी त्यात नव्हती. १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा, मुंबईचं सेन्सॉर मंडळ, १९२३ला मुंबई इलाख्यात लागलेला करमणूक कर, यातलं काहीच आपल्याला आपोआप लागू नव्हतं. आपल्यावर हुजुरांचा हुकूम. ज्या राज्यात साधी जाहीर सभा घ्यायची तर परवानगी लागायची, 'गश्ती निशान ५३' हे नाव जुन्या माणसांनी ऐकलेलं असेल, तिथं सिनेमाचं धोरण म्हणजे काय असणार? एक उदाहरण देतो. धीरेन गांगुली नावाचे बंगाली कलावंत १९२२च्या सुमारास हैदराबादला आले, निझामाच्या आश्रयाने लोटस फिल्म कंपनी काढली, सिनेमे केले, थिएटर चालवलं. १९२४ला त्यांनी 'रझिया बेगम' दाखवला. मुसलमान राणीची प्रेमकथा. निझामाची मर्जी फिरली आणि गांगुलींना राज्य सोडायला सांगण्यात आलं. ते कलकत्त्याला परत गेले. समिती नाही, सुनावणी नाही, अहवाल नाही. हैदराबादेत तेव्हाच उभा राहू शकणारा सिनेमाचा धंदा त्या एका हुकुमाने कितीतरी वर्षं मागे पडला असं माझं मत आहे.

मुंबईचा सिनेमा आपल्याकडं यायचा तो रेल्वेने. मनमाडपर्यंत मोठी लाइन, तिथून हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची छोटी. मनमाडला सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचा. हैदराबादेहून मात्र सरळ गाडी. हे सर्किट 'निझाम' का झालं आणि राज्य बदलल्यावरही का टिकलं, याचं निम्मं उत्तर या रुळांत आहे. आजही आपला रेल्वे विभाग नांदेड आणि त्याचं मुख्यालय सिकंदराबाद, त्यावर आपली बोंब चालूच असते. तीच गोष्ट सिनेमाची, फक्त त्यावर कुणी मोर्चा काढला नाही.

दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म दुर्मिळ झाली. सरकारने १९४२ला सिनेमाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली, पुढल्या वर्षी फिल्मवर परवाना बसवला. युद्धाच्या प्रचारासाठी प्रत्येक थिएटरने सरकारी पट्टी दाखवलीच पाहिजे असा नियम आला. गंमत अशी की इंग्रज गेले आणि नियम राहिला. १९४८ला फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं आणि खेळाच्या आधी ती वार्तापट्टी सक्तीची झाली. पंचवार्षिक योजना, धरण, पंतप्रधानांचा दौरा, बिहारमधला पूर. आमच्या पिढीला तो आवाज अजून कानात आहे. बरं, ही पट्टी फुकट नव्हती, तिचं भाडं थिएटरवाल्याने सरकारला द्यायचं. दाखवायची सक्ती पण आपल्यावर आणि पैसेही आपणच भरायचे! असा व्यवहार फक्त सरकारलाच जमतो.

स्वातंत्र्यानंतर नवं सरकार सिनेमाला डोक्यावर घेईल असं लोकांना वाटलं होतं. झालं उलट. प्रांतांनी करमणूक कर वाढवत नेला. ३० जून १९४९ला निषेध म्हणून देशभरातली थिएटरं बंद राहिली. मग स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तिच्यात व्ही. शांतारामही होते. १९५१ला अहवाल आला. त्यातून पुढे १९६०ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, त्याच साली पुण्यात प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट, १९६४ला फिल्म अर्काइव्ह. चांगल्याच संस्था आहेत, वाद नाही. पण नीट बघा, या सगळ्या संस्था सिनेमा करणाऱ्यासाठी, शिकणाऱ्यासाठी, जपणाऱ्यासाठी. दाखवणाऱ्यासाठी आणि बघणाऱ्यासाठी काय? कर. घटनेने करमणूक कर राज्यांच्या यादीत टाकला आणि राज्यांना ती दुभती गाय मिळाली.

राज्य सरकारने पुढे १९७७ला गोरेगावला चित्रनगरी केली, नंतर कोल्हापूरला केली. मराठवाडा कुठंय? विचारायचं नाही. १९८४ला दांडेकर समितीने अनुशेष मोजला, रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने. सिनेमाचे पडदे कोण मोजणार? आणि मीसुद्धा म्हणत नाही की सिंचनाच्या आधी सिनेमा हवा होता. पण मोजलंच नाही तर मागायचं काय?

आता मी ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली ती. करपरतावा.

१९७०च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्र सरकारने मराठी सिनेमासाठी एक योजना आणली. तिचा गाभा साधा होता. तुमच्या मराठी सिनेमाच्या तिकिटांतून सरकारला जो करमणूक कर मिळाला, तो तुम्ही पुढचा मराठी सिनेमा केलात तर तुम्हाला परत. बस्स. यात कुठली समिती सिनेमा बघून गुण देत नाही. मंत्रालयात कुणाला भेटायला लागत नाही. तिकीट जितकी फाटली, तितका परतावा.

याचा परिणाम काय झाला ते नीट समजून घ्या. समजा गंगाखेडच्या तंबूत एका सालदाराने सव्वा रुपयाचं तिकीट काढलं. त्यातला कराचा भाग सरकारकडे गेला आणि फिरून त्याच निर्मात्याकडे आला. म्हणजे पुढचा सिनेमा कुठला निघणार यात त्या सालदाराचं एक मत पडलं. दादरच्या प्रेक्षकाचं जेवढं वजन, तेवढंच त्याचं. निर्मात्याला गावोगावी जायला, जत्रेत सिनेमा लावायला, तालुक्याच्या टॉकीजवाल्याशी गोड बोलायला पैशाचं कारण मिळालं. माझ्या समजुतीप्रमाणे मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला महाराष्ट्राच्या सिनेमा धोरणात खरी जागा मिळाली ती तेव्हाच, आणि तीही कुणी मुद्दाम दिली म्हणून नाही, हिशोबातून आपोआप मिळाली.

दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' १९७१चा, म्हणजे या योजनेच्या आधीचा. तेव्हाची कोहिनूर थिएटरची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. दादरला सिनेमा काढून हिंदी लावणार होते, शिवसेना मधे पडली, सिनेमा राहिला आणि तुफान चालला. ती गोष्ट आपण मराठी अस्मितेची म्हणून सांगतो. असेल. पण दादांचे लागोपाठ नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले ते एकट्या दादरच्या जोरावर नाही. त्यांचा प्रेक्षक धोतर-पटक्याचा होता. तो उरुसात होता, जत्रेत होता.

परभणीच्या तुराबुल हक्क बाबांच्या उरुसात मी लहानपणी तंबू टॉकीज बघितलेली आहे. पडदा मधे, पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, त्यामुळे काहींना पाट्या उलट्या दिसायच्या. जनरेटरचा आवाज सिनेमापेक्षा मोठा. रीळ तुटली की शिट्ट्या. माणसं पोतं घेऊन यायची बसायला. एका रात्री दोन-तीन खेळ. ज्वारी-कापसाचे पैसे हातात आलेले असायचे, म्हणून तंबूवाल्यांचा हंगाम दिवाळीनंतरचा. आमच्या घरात कुणाला तमाशाला जायला परवानगी नव्हती, पण तमाशाचा सिनेमा चालायचा, तो कसा काय ते मला अजून कळलेलं नाही. हिंदी सिनेमाही असायचाच, पण ग्रामीण मराठी सिनेमा लागला की आयाबाया बैलगाड्या जुंपून यायच्या. १९९१ला 'माहेरची साडी' आला तेव्हा बायांचे रडून पदर ओले झालेले मी पाहिलेत.

या योजनेने सगळं चांगलं झालं असं मी म्हणत नाही. एकाचं चाललं की दहा जण तेच करायला निघाले. एकाच ठशाचे विनोदी सिनेमे, एकाच ठशाचे सासू-सुनेचे सिनेमे. परताव्यासाठी म्हणून कसाबसा उरकलेला पुढचा सिनेमा, तेही झालं. जाणकारांनी नाकं मुरडली आणि पुष्कळदा बरोबर मुरडली. पण मला एक सांगा, 'सामना'सारखा सिनेमाही याच दशकातला ना? १९७५चा. प्रेक्षक असतो तेव्हा चांगलं आणि वाईट दोन्ही निघतं. प्रेक्षकच नसला तर काय निघणार?

मग सरकारने दुसरी वाट धरली. मराठी सिनेमावरचा करच माफ झाला. कर नाही तर परतावा कशाचा? त्याऐवजी अनुदान आलं. समिती सिनेमा बघणार, दर्जा ठरवणार. 'अ' दर्जा असेल तर ४० लाख, 'ब' असेल तर ३० लाख. ऐकायला हे किती छान वाटतं. गुणवत्तेला पैसे! आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठीत चांगले सिनेमे झाले हेही खरं. २००४ला 'श्वास', २००९ला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', २०१५ला 'कोर्ट' हे देशाच्या वतीने ऑस्करला गेले. मला अभिमान आहे. पण यातला कुठला सिनेमा तुम्ही आपल्या जिल्ह्यात थिएटरात बसून पाहिला? टीव्हीवर पाहिला असाल.

परतावा आणि अनुदान यांत फरक एवढाच आहे की परताव्याचा पैसा तिकीट खिडकीवरून यायचा आणि अनुदानाचा पैसा समितीच्या टेबलावरून येतो. टेबल मुंबईत आहे. सिनेमा परभणीला लागला काय, नाही लागला काय, दर्जाच्या गुणांत फरक पडत नाही. मग निर्मात्याने पूर्णा-पालमचा खर्च का करावा? त्याला दोष देत नाही मी. धंदा आहे.

त्याच सुमाराला, २००१मध्ये, राज्याने मल्टिप्लेक्सला करमणूक करातून पहिली काही वर्षं सूट दिली. कारण काय, तर मोठी गुंतवणूक येईल. देशात तेव्हा हवाच तशी होती. १९९८ला केंद्राने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, पुढे बँकांचं कर्ज मिळायला लागलं, परदेशी गुंतवणुकीला दार उघडलं. हॉलीवूडचे सिनेमे हिंदीत डब होऊन यायला १९९४च्या 'ज्युरासिक पार्क'पासून सुरुवात झालीच होती. हे सगळं जागतिकीकरण पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये एसी लावून बसलं. आणि इकडं? इकडं ज्या टॉकीजवाल्याने चाळीस वर्षं इमानदारीने कर भरला, त्याला नव्या खुर्च्या घालायला सवलत नाही. आधी व्हिडिओ पार्लर आले, मग केबल आलं, मग सीडी. मग रिळं बंद होऊन डिजिटल आलं, त्याची मशीन घ्यायची तर पुन्हा खर्च. तंबूवाल्यांचे जुने प्रोजेक्टर भंगारात गेले. महाराष्ट्रातल्या या तंबू टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा माहितीपट झाला, २०१६ला फ्रान्समध्ये कान महोत्सवात त्याचं कौतुक झालं. आपला तंबू मरताना जगाने बघितला. आपल्याकडं तो कुठं लागला नाही.

२०१५ला मराठीला प्राइम टाइमची सक्ती करायची घोषणा झाली तेव्हा केवढा गदारोळ! ट्विट, हक्कभंग, वडापाव. मी सगळं वाचलं. सगळी भांडणं मल्टिप्लेक्सच्या पडद्याची. ज्या तालुक्यात पडदाच नाही तिथं प्राइम टाइम कुठला?

आणि मग १ जुलै २०१७. जीएसटी. करमणूक कर त्यात विरघळला. सुरुवातीला शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के, त्यावर २८. २०१९पासून १२ आणि १८. सप्टेंबर २०२५पासून शंभरापर्यंत ५ टक्के, वर १८. आकडे कमी होत गेले, चांगलंच झालं. पण मुद्दा आकड्यांचा नाही. आता दर जीएसटी परिषद ठरवते, दिल्लीत. मराठी सिनेमाला एक दर आणि हॉलीवूडला दुसरा, असं महाराष्ट्राला आपल्या अधिकारात करता येत नाही. पूर्वी 'टॅक्स फ्री' म्हणून पोस्टरवर लिहिलं की झालं. आता राज्याला फार तर आपल्या वाट्याचा जीएसटी खिशातून परत देता येतो. रंगाचारियारांच्या वेळी कराची किल्ली इलाख्यांकडे होती, मग राज्यांकडे आली, आता सगळ्यांची मिळून एका टेबलावर आहे.

इकडं दक्षिणेकडे बघा. तेलुगू सिनेमा पूर्वी मद्रासला होता. आंध्रच्या सरकारांनी जागा दिल्या, सवलती दिल्या आणि तो हळूहळू हैदराबादला ओढून आणला. १९७६ला अन्नपूर्णा स्टुडिओ, १९९६ला रामोजी फिल्म सिटी. ज्या शहरातून निझामाने गांगुलींना घालवलं, तेच शहर आता 'बाहुबली' काढतं आणि तो हिंदीत डब होऊन आपल्या पोरांच्या मोबाइलवर येतो. पोरं 'पुष्पा'सारखी दाढीवरून हात फिरवतात. त्यात वाईट काही नाही. पण तिथल्या सिनेमाच्या मागे त्याच्या खेड्यापाड्यातली थिएटरं उभी आहेत. म्हणून तो एवढा दणकट आहे.

आपल्याकडं प्रेक्षक नाही असं कुणी म्हणालं तर त्याला 'सैराट' दाखवा. २०१६ला उन्हाळ्यात, लग्नसराईत, दुष्काळात लोकांनी ट्रॅक्टर भरभरून जाऊन तो बघितला. २०२३ला 'बाईपण भारी देवा'ला बायका गटागटाने गेल्या. पैसा खेड्यातून येतो हे धंद्यालाही कळलं, पण धोरणाला कळलं नाही.

जगात याचं उत्तर नाही असं नाही. दक्षिण कोरियात थिएटरने वर्षातले १४६ दिवस देशी सिनेमा दाखवायचा असा नियम होता. अमेरिकेशी व्यापार करार करायचा म्हणून २००६ला तो अर्धा, ७३ दिवसांवर आणला. कलावंत रस्त्यावर उतरले. आणि असा पडद्याचा कोटा ठेवायला १९४७च्या गॅट करारातच परवानगी आहे, त्या करारावर भारताचीही सही आहे. म्हणजे 'जागतिक नियम आडवे येतात' हे कारण चालणार नाही. पण मला कोरियापेक्षा फ्रान्सची गोष्ट आपल्या कामाची वाटते. तिथं प्रत्येक तिकिटातून, हॉलीवूडच्या सिनेमाच्यासुद्धा, साधारण पावणेअकरा टक्के बाजूला काढतात. तो पैसा सरकारच्या तिजोरीत हरवत नाही. सिनेमाच्या संस्थेकडे जातो आणि तिथून निर्मात्याला आणि थिएटरवाल्यालाही परत येतो. म्हणजे आपला जुना करपरतावाच, पण त्यात दाखवणाऱ्याचाही वाटा. आपल्या योजनेत नेमकं हेच राहून गेलं होतं. परतावा निर्मात्याला मिळाला, त्याने पुढचा सिनेमा काढला. टॉकीजवाल्याला काय मिळालं? त्याचे पत्रे गळत राहिले.

गेल्या वर्षी ट्रम्प यांनी परदेशात बनलेल्या सिनेमावर शंभर टक्के आयात कर लावायची घोषणा केली तेव्हा मुंबईत केवढी चिंता. अमेरिकेतल्या मराठी माणसाला सिनेमा महाग पडेल म्हणून! पडेल बिचाऱ्याला. पण जिंतूरच्या मराठी माणसाला किती किलोमीटर जाऊन सिनेमा बघावा लागतो, त्याला काय म्हणायचं, आयात कर की निर्यात कर?

माझं मागणं फार मोठं नाही. 'अ' दर्जाच्या ४० लाखांतला निदान काही भाग असा बांधा की सिनेमा मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात इतक्या तालुक्यांत इतके खेळ झाल्याशिवाय तो मिळणार नाही. आणि शंभर रुपयांच्या आतलं तिकीट ठेवणाऱ्या तालुक्याच्या टॉकीजवाल्याला राज्याच्या वाट्याचा जीएसटी परत द्या, भाषा न बघता. त्याचा पडदा जगला तर त्यावर मराठी लागेल. रक्कम किरकोळ आहे, महामंडळाच्या एका सोहळ्याच्या मांडवाइतकीही नसेल.

हे मी सांस्कृतिक कार्य विभागाला लेखी देणार आहे. आपल्या तीन-चार आमदारांनाही एकेक प्रत. नुसती तक्रार नको, सोबत यादी हवी. म्हणून एक काम करा. तुमच्या गावात टॉकीज किंवा तंबू कुठं होता, त्याचं नाव काय, कुठल्या साली बंद पडला, आणि तिथं आता काय आहे, गोदाम, मंगल कार्यालय की मोकळी जागा, एवढं खाली लिहा. हिंगोली १९९९पर्यंत आपल्यातच होती, तेव्हा वसमत-कळमनुरीवाल्यांनी पण लिहा. ज्यांच्याकडं जुनं तिकीट जपलेलं असेल त्यांनी फोटो टाका, त्यावर कराचा आकडा वेगळा छापलेला असतो, तोच मला पाहिजे.